चौतीस पदार्थ आणि एक गप्प बसलेली नर्स

शनिवारची सकाळ. समोर चार वर्षांची आमची कन्या, तिच्यापुढे पोह्यांची वाटी, आणि तिच्या उजव्या गालात गेली दहा मिनिटं तसाच धरून ठेवलेला एक घास. गिळत नाही, थुंकत नाही, नुसती माझ्याकडे बघत बसते. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आधी चिऊचा घास होतो, मग काऊचा, मग मोबाईल बाहेर येतो, मग 'मोबाईल दाखवून भरवायचं नाही असं ठरलं होतं ना' यावरून बायकोची आणि माझी जुंपते, आणि शेवटी आतून आई म्हणते, "तूही लहानपणी असाच होतास." (हे वाक्य नक्की कुणाच्या बाजूचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही.)

आता एक कबुली. काही महिन्यांपूर्वी ऑफिसातून डोकं फिरवून घेऊन घरी आलो होतो. त्या रात्री मी तिचे दोन्ही गाल दाबून पालक-भाताचा घास तोंडात कोंबला. तिने तो घास आणि त्याआधीचं सगळं जेवण माझ्या अंगावर ओकून टाकलं. रडली नाही. घाबरून माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ताटात हिरवं काही दिसलं की ती खुर्चीवरून उतरते आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहते.

त्या रात्री झोप येईना म्हणून महाजालावर शोधाशोध करत बसलो. सुरुवात 'मूल जेवत नाही, काय करावं' इथून झाली आणि रात्री दोनला मी कॅनडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकातला १९३९ सालचा लेख वाचत होतो. बग शोधताना होतं ना, एका फाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तसंच. लेख होता क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंचा. तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

डेव्हिसबाईंनी जे केलं ते समजायला आधी त्या काळची अमेरिका बघावी लागते. मुलं जेवत नाहीत ही तक्रार बहुधा आयांइतकीच जुनी असेल, पण ती घेऊन डॉक्टरकडे जायचं ही गोष्ट त्यामानाने नवी. १८९४ साली ल्यूथर एमेट होल्ट या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने बाळांची निगा आणि आहार यावर एक छोटं पुस्तक काढलं, प्रश्नोत्तरांच्या रूपात, आया आणि दाया यांच्यासाठी. किती वाजता पाजायचं, किती पाजायचं, सगळं घड्याळ्यावर. पुस्तक तुफान खपलं, पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मग १९१२ साली 'व्हिटॅमिन' या शब्दाचा जन्म झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकेक जीवनसत्त्व सापडत गेलं. शोध खरे होते, मोठे होते, त्यांनी असंख्य मुलं वाचवली हेही खरं. पण त्यातून डॉक्टरांच्या हातात तक्ते आले. इतकं दूध, इतकं धान्य, इतकी भाजी, या वेळेला. आई तो कागद घेऊन घरी जायची आणि कागदावरचं सगळं मुलाच्या पोटात गेलंच पाहिजे असा घरोघरी प्रयत्न सुरू व्हायचा. मधल्या काळात, १९१७ साली, पहिल्या महायुद्धासाठी धान्य वाचवायचं म्हणून अमेरिकन सरकारने ताट स्वच्छ करण्याची मोहीम काढली होती. शाळेतल्या मुलांकडून पानात काही न टाकण्याच्या शपथा घेतल्या होत्या. म्हणजे ताट रिकामं करणं ही आता देशसेवासुद्धा झाली!

व्हायचं तेच झालं. १९२० च्या दशकात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत 'काही खातच नाही हो' म्हणणाऱ्या आयांची रांग लागली. मूल धडधाकट, पण तोंड घट्ट मिटलेलं. यावर डॉक्टरांचे उपाय काय? टोरंटोचे ॲलन ब्राऊन हे त्या काळचं मोठं नाव. पॅब्लम हे बाळांचं प्रसिद्ध तयार अन्न ज्यांनी शोधलं त्यांच्यातले एक. त्यांचा आयांना सल्ला असा, की मुलाला चक्क उपाशी ठेवा, शरण आलं की खाईल. दुसऱ्या टोकाला शिकागोकडचे अँडरसन ऑल्ड्रिच होते. त्यांनी १९२७ साली मुलाची भूक कशी जोपासावी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, मूल न खाण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याला खायला लावणं. आमच्या घरात ही दोन्ही मतं सुखाने नांदतात. पहिलं माझ्या मेहुण्याचं आहे. त्याला अजून मूल नाही. :-)

अशा वातावरणात १९२६ साली क्लीव्हलंडच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये डेव्हिसबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. रानातल्या प्राण्याच्या पिल्लाला कुणी तक्ता देत नाही, तरी ते वाढतं. माणसाच्या पिल्लाला निवडायला दिलं तर काय होईल?

प्रयोगासाठी त्यांनी नुकतंच दूध तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं घेतली. या बाळांनी घन अन्न कधी चाखलंच नव्हतं, त्यामुळे कसल्याही आवडीनिवडी लागलेल्या नव्हत्या. सुरुवातीला तीन होती. पुढे काम शिकागोच्या बाल रुग्णालयात गेलं आणि एकूण पंधरा मुलं झाली. कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त साडेचार वर्षं ही मुलं या पद्धतीने जेवली. प्रत्येक जेवणाला कोणी काय खाल्लं याची नोंद व्हायची. ताटात वाढताना वजन, उचलताना वजन, अंगाखांद्यावर आणि जमिनीवर सांडलेल्याचा अंदाजसुद्धा. जेवणांच्या अशा सुमारे ३६,००० नोंदी झाल्या. छत्तीस हजार, आणि सगळ्या कागदावर. आम्ही एका रिलीजचे लॉग नीट सांभाळत नाही.

यादी चौतीस पदार्थांची होती. गोडं दूध आणि आंबवलेलं दूध. गहू, ओट, जव, मका. बटाटा, गाजर, बीट, सलगम, वाटाणे, कोबी, फ्लॉवर, पालक. सफरचंद, केळं, पीच, अननस, संत्र्याचा रस, टोमॅटो. अंडी, गोमांस, मेंढीचं मांस, कोंबडी, मासा, कलेजी, गुर्दा, भेजा, नळीतली मज्जा. पाणी, आणि वेगळ्या वाटीत मीठ. काही पदार्थ कच्चे, काही शिजवलेले, काही दोन्ही प्रकारचे. शिजवताना मीठमसाला घालायचा नाही. दोन पदार्थ एकत्र करायचे नाहीत, म्हणजे सूप नाही, पाव नाही. चौतीसच्या चौतीस एका वेळी यायचे नाहीत, जेवणागणिक आलटून पालटून यायचे, पण प्रत्येक वेळी दूध, धान्य, फळ, भाजी, मांस यांतलं काही ना काही असायचंच.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहितोय तो. नर्सला दिलेल्या सूचना. ताट मुलापुढे ठेवायचं. हातात चमचा घेऊन शेजारी बसायचं. आणि काहीही करायचं नाही. मुलाने एखाद्या वाटीकडे हात नेला किंवा बोट दाखवलं तरच त्यातला चमचाभर घ्यायचा, त्याने तोंड उघडलं तरच आत घालायचा. त्याने काय खाल्लं, काय नाही खाल्लं यावर चकार शब्द काढायचा नाही. एखाद्या पदार्थाकडे लक्ष वेधायचं नाही, मागितलेला नाकारायचा नाही. बोटांनी खाल्लं तरी सुधारायचं नाही. मुलाचं जेवण संपलं की, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, ताट उचलायचं. बस्स.

मी हे एकदा, एका रविवारी दुपारी, घरी करून बघितलं. साडेतीन मिनिटं टिकलो. हात आपोआप वाटीकडे जातो हो! भुवई आपोआप वर होते, 'अरे वा' आपोआप तोंडातून निघतं. त्या नर्सेस वर्षानुवर्षं दिवसातून कितीदा तरी अशा बसत होत्या. या सगळ्या प्रयोगातली सगळ्यात अवघड कामगिरी मला तरी त्यांचीच वाटते. त्यांची नावं मला त्या लेखात कुठे दिसली नाहीत.

पहिल्या काही जेवणांत बाळांनी वाट्यांतलं खाल्लं तसंच चमचा, वाटी, ट्रेची कडा, कागद हेही चावून बघितलं. काही घास तोंडात गेल्यावर चेहऱ्यावर आश्चर्य, काही थुंकले. पण थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या आवडी तयार झाल्या आणि मग ती आपल्याला हवं ते बरोबर उचलू लागली. पंधरा मुलांच्या पंधरा तऱ्हा. दूध आणि लापशी मुख्य, बाकीचं थोडंथोडं, असा जो 'योग्य' आहार तेव्हाचे तक्ते सांगत, तसा पंधरातल्या एकानेही निवडला नाही. कुणी सकाळी अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी खायचं, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. लाटाही यायच्या. एखादं मूल काही दिवस अंडीच अंडी खायचं आणि एक दिवस अंड्याकडे बघणं बंद. मिठाचं तर भन्नाट आहे. मूल चिमूटभर मीठ तोंडात घालायचं, ठसकायचं, कधी भोकाड पसरायचं, पण थुंकायचं नाही, आणि पुन्हा मीठच मागायचं.

यातली काही मुलं आली तेव्हाच आजारी आणि कुपोषित होती, पाच जणांना मुडदूस होता. त्यातल्या एकाचा फार वाढलेला होता. मुडदुसावर कॉड माशाच्या यकृताचं तेल चालतं हे तेव्हा ठाऊक झालं होतं. ज्यांनी ते लहानपणी नाक दाबून घेतलंय त्यांना त्याचा वास सांगायला नको. डेव्हिसबाईंनी या मुलाच्या ट्रेवर इतर वाट्यांबरोबर त्या तेलाचा छोटा पेला ठेवला. तो ते अधूनमधून, मनाला येईल तसं पीत राहिला. रक्ततपासणी आणि एक्स-रे यांत मुडदूस बरा झाल्याचं दिसेपर्यंत प्यायला, आणि मग त्याने तो पेला सोडून दिला.

ही गोष्ट इतकी सुंदर आहे की तिथेच थांबावंसं वाटतं. जग तिथेच थांबलं. सगळी मुलं धष्टपुष्ट झाली, जेवायला उत्सुक असायची, बद्धकोष्ठ नाही, आजारपणं हलकी. शिकागोच्या रुग्णालयाचे ब्रेनमनसारखे ज्येष्ठ डॉक्टर ही मुलं बघून थक्क झाले. निष्कर्ष असा पसरला की मुलाच्या शरीरात एक शहाणपण असतं, त्याला काय हवं ते त्यालाच कळतं, तुम्ही मध्ये पडू नका. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ सालच्या प्रचंड गाजलेल्या पुस्तकात हा प्रयोग आला आणि तिथून लाखो घरांत गेला. आजही 'मुलांना हवं ते खाऊ द्या, एका प्रयोगात सिद्ध झालंय' असं कुणी म्हणालं की पुष्कळदा मुळाशी डेव्हिसबाई असतात.

पण बाई स्वतः काय म्हणतात? जून १९३९ मध्ये माँट्रियलला डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी हा निबंध वाचला आणि शेवटाकडे स्वतःच पत्ते उघडे केले. जादू मुलांत नाही, यादीत आहे, असं त्यांनी सांगितलं. परत वर जाऊन ती यादी बघा. साखर आहे? मैदा आहे? डबाबंद काही आहे? चौतीसपैकी कुठलेही पदार्थ उचलले तरी मूल फारसं चुकूच शकत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं इनपुट आधीच गाळून घेतलं होतं, मग युजरने कुठलंही बटण दाबलं तरी प्रोग्रॅम कोसळणार कसा? काय वाढायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं. त्यातलं काय आणि किती, एवढंच मुलांनी.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. मुडदुसाच्या मुलाची गोष्टसुद्धा मग पातळ होते. एका मुलाने तेल प्यायलं आणि पुढे सोडलं, यावरून शरीराच्या शहाणपणाचा सिद्धांत उभा राहत नाही. पण थोडा विचार केल्यावर बाईंबद्दलचा आदर वाढलाच. सगळं जग टाळ्या वाजवत असताना 'थांबा, मी हे सिद्ध केलेलं नाही' असं किती जण म्हणतात?

त्यांना पुढे नेमकं हेच तपासायचं होतं. दुसरा प्रयोग ठरवला होता. त्यात नव्याने दूध सुटलेल्या मुलांपुढे कारखान्यातून आलेले, प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून ती काय निवडतात ते बघायचं. म्हणजे आज प्रत्येक घरात जे चाललंय तेच, फक्त वजनकाट्यासकट. पण तोवर महामंदी आली, १९३१ मध्ये पैसे संपले आणि तो प्रयोग झालाच नाही. विचार करा, क्रीमची बिस्किटं, चिप्स आणि गोड पेयांनी जग भरायच्या आधी, हा प्रश्न त्यांनी नेमका मांडून ठेवला होता. डेव्हिसबाई १९५९ साली गेल्या. त्यांच्याकडच्या मूळ नोंदींची खोकी नंतर फेकून दिली गेली. ३६,००० जेवणं. बॅकअप नाही. हे वाचलं तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आणखी एक गोष्ट, आणि ही माझ्या कामाची. डेव्हिसबाईंची बाळं सहा ते अकरा महिन्यांची होती. त्या वयात मूल चमचासुद्धा चावून बघतं. नव्या पदार्थाची भीती त्यानंतर, दोन वर्षांच्या आसपास, जोर धरते. म्हणजे तो प्रयोग आमच्या चार वर्षांच्या कन्येला जसाच्या तसा लागू पडत नाहीच. या वयातल्या मुलांवरचं काम पुढे लिआन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी केलं. १९८२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले, तर जितक्या जास्त वेळा चाखलं तितकी आवड वाढत गेली. तीनचारदा देऊन 'हिला आवडत नाही' असं आपण ठरवून टाकतो, ते फारच घाईचं. १९८४ चा त्यांचा प्रयोग तर मला कानफटात मारल्यासारखा लागला. काही मुलांना केफिर नावाचं आंबवलेलं दूध प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं. त्यांनी बक्षिसासाठी प्यायलं खरं, पण नंतर त्यांना ते पूर्वीपेक्षा कमी आवडू लागलं. 'भाजी खाल्लीस तर कार्टून' हा आमच्या घरचा जुना करार आहे. आता कळतंय की त्यातून भाजीची किंमत मीच रोज थोडी थोडी उतरवत होतो.

लंडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास केला. त्यात नव्या पदार्थांना नाक मुरडण्यातला मुलामुलांमधला फरक ७८ टक्के आनुवंशिक निघाला. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तेच तर मी सांगतेय." असो. (सगळीच नाटकं ही नाटकं नसतात हेही इथे सांगायला हवं. २०१३ पासून वैद्यकशास्त्रात अन्न टाळण्याच्या एका विकाराला स्वतंत्र नाव आहे. मुलाचं वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल, मोजून चारपाचच पदार्थ खात असेल, तर माझ्यासारख्याचा लेख वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.)

तर मागच्या महिन्यापासून आम्ही घरी यादी केलीय. ताटात काय येणार ते आम्ही ठरवतो, त्यात एक तरी गोष्ट तिच्या ओळखीची, बहुतेकदा मऊ वरणभात आणि तूप. बाजूला चमचाभर भाजी, काहीही न बोलता. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं. नर्सची भूमिका माझ्याकडे आलीय, कारण बायकोच्या मते सुधारण्याची गरज मलाच सगळ्यात जास्त आहे. पालक अजून वर्ज्यच आहे. ती वाटी तिच्या समोर ठेवायची हिंमत मला अजून होत नाही.

आईला हा सगळा इतिहास मी रात्री भांडी आवरताना सांगितला. यादी, मीठ, तेलाचा पेला, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण वर्षानुवर्षं दवाखान्यात? त्या मुलांच्या आया कुठे होत्या?"

सांगितलं तिला. कोणी पोरसवदा मुली होत्या, कोणी विधवा. मुलांना सांभाळणं परवडत नव्हतं, म्हणून ती पंधरा मुलं प्रयोगाला मिळाली. आज असा प्रयोग कुणाला करू देणार नाहीत. मीही तो वाचताना पदार्थ मोजले होते, वजनं मोजली होती, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "तरीच एवढं गप्प बसवलं त्या बायांना." आणि उद्यासाठी भिजत घातलेल्या मुगात अजून एक मूठ टाकली. मुगाचं घावन कन्या खाते. काठाचं तेवढं, मधलं नाही.